लंगरहून वर

गावातला शेवटचा पॉपलर मागं पडला
की सावली संपते. पुढं दिवसभर
माझी आणि सायकलचीच काय ती,
सकाळी लांबलचक, दुपारी चाकाखाली.

सायकल एका जर्मन प्रवाशाची.
तीन उन्हाळ्यांपूर्वी त्याचा गुडघा गेला,
तो ट्रकमधून गेला, ही आमच्या गोठ्यात राहिली.
घंटीचं झाकण याकच्या वासरानं चावलेलं.
मागचा ब्रेक लागतो, पुढचा नुसता ओरडतो.

पिशवीत सहा नान, मीठ, टॉर्चचे सेल,
आणि लोकरी मोज्यात गुंडाळलेला
वडिलांचा चष्मा.
इश्काशिमच्या बाजारातून नवी काच बसवून आणायला
महिना गेला. महिनाभर ते वर कुरणावर
अंदाजानं मेंढ्या मोजतायत.
परवा निरोप आला, सात वाढल्या.
आई म्हणाली, बिळापाशी उभे राहिलेले
मार्मोट धरले असतील हिशेबात.

चौकीवर कुलोबकडचा एक पोरगा,
बंदुकीपेक्षा थोडासाच उंच.
कागद पाहिला, नाव वाचलं: नेकबख्त.
कुठं? वर. कशाला? चष्मा द्यायला.
त्यानं मोजा उलगडला, चष्मा डोळ्यांना लावून
पलीकडचं अफगाणिस्तान पाहिलं.
म्हणाला, धूसर दिसतंय.
म्हटलं, तुझ्यासाठी नाही तो.

मग चढ. चढ म्हणजे
नव्वद पायडल, आणि थांबून
श्वास वेचायचा, सांडलेल्या डाळीसारखा.
रस्ता टाकी लावलेला पाटा,
आणि त्यावर मी वाटली जातेय.
खाली नदी, करडी, बर्फातून सुटलेली.
तिच्या मधोमध देशाची हद्द आहे म्हणतात.
मला कधी दिसली नाही. पाणी दिसतं.

दुपारी वारा सुटला, ठरल्या वेळी, समोरून,
आणि मागचं चाक बसलं.
मग मीही बसले.
ट्यूब बाहेर काढून थुंकी लावत
भोक शोधू लागले.

पलीकडच्या पायवाटेवर एक माणूस येत होता,
पुढं गाढव, गाढवावर काटक्यांची मोळी.
मला पाहून थांबला.
दगड भिरकावला तर पोचेल एवढं अंतर
आणि दोन दिवसांच्या वाटेवर पूल नाही.
त्यानं हात उलटा करून विचारलं, काय झालं?
मी ट्यूब उंच धरून दाखवली,
मेलेल्या सापासारखी.
हसला असावा. मग खडकावर टेकला.

त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं.
नदीच्या त्या घोंगावण्यात शब्दसुद्धा पोचला नसता,
(भाषा तीच, वखी. माझ्या पणजीचं माहेर तिकडचंच)
तरी बसून राहिला.
मी रबर घासलं, चिकटवलं, वर दगड ठेवला,
हवा भरली,
चाक गरगरवून कान लावला.
उठले, तसा तोही उठला,
मागची माती झटकली, गाढवाला चुचकारलं.
वळणापर्यंत आम्ही सोबतीनं गेलो.
सपाटी होती तरी मी सायकल ढकलतच नेली.
मग खोरं फाकलं, त्याची वाट आत गेली.

कुरणावर पोचले तेव्हा कुत्र्यांनी आधी ओळखलं.
वडिलांनी खारट चहा दिला, त्यात लोण्याचा गोळा,
आणि मग चष्मा मागितला.
घातला. मेंढ्या राहू दिल्या, माझ्याकडं पाहिलं.
'केस पिकलेत तुझे,' तक्रारीच्या सुरात.
'धूळ आहे.'
'धूळ कशी असते ते मला दिसतं आता.'

नंतर बाहेर जाऊन बराच वेळ उभे.
मोजल्या का विचारलं, तर म्हणाले,
मोजू उद्या, कुठं जातायत.
आणि नदीपलीकडच्या काळोखात बोट दाखवून,
'तिकडं कुणाचा तरी दिवा आहे.
रोज असतो का गं?'

मला काय ठाऊक.
मला आठवलं, पंप त्या दगडावरच राहिलाय.